जीर्ण लेखांच्या छायाचित्रांतील चॅनेल व मास्क

बारामती हें कविवर्य मोरोपंतांचें (१७२९–१७९४) वास्तव्यस्थान. इंदापूर हा शहाजी राजांच्या जहागिरींतील परगणा. विंगेट व गोल्डस्मिड यांची जमाबंदीही १८३६ सालीं प्रथम इंदापुरांतच लागू झाली. अशा मुलखांतील देवनागरी पोथ्या व मोडी कागद अभ्यासणारास हल्लीं मूळ पत्राऐवजीं त्याचें संगणकावरील छायाचित्रच वारंवार हाताळावें लागतें. डागाखालचें अक्षर त्यांत उजळून घेतां येतें. परंतु दक्षता न बाळगल्यास तेणेंकरून पाठांत प्रक्षेप शिरतो. म्हणून ती रीत येथें सांगतों.

रंगीत छायाचित्र म्हणजे वस्तुतः एकावर एक ठेविलेलीं तांबडें, हिरवें व निळें अशीं तीन चित्रें होत. प्रत्येकास चॅनेल म्हणतात. साधारण चित्रांत प्रत्येक चॅनेलांतील बिंदूस ० पासून २५५ पर्यंत अंक असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. फोटोशॉप अथवा गिंप यांत हे चॅनेल निरनिराळे पाहतां येतात. काजळीची शाई तिहींतही काळीच दिसते. गेरू वा हिंगुळाचीं अक्षरें हिरव्या व निळ्या चॅनेलांत गडद, तांबड्यांत फिकीं दिसतात. पाण्याचा तपकिरी डाग निळ्यांत गडद असतो, पण तांबड्यांत पुष्कळसा विरतो. चुका झांकण्यास लेखकांनीं लाविलेला पिवळा हरिताळ निळ्यांत काळवंडतो. त्यामुळें पोथींत शोधन कोठें झालें तें चटकन कळतें.

मास्क म्हणजे आच्छादन. रांगोळीच्या छापाला जेथें छिद्र, तेथेंच रांगोळी पडते. मास्कमध्यें पांढरें तें छिद्र, काळें तें बंद, करडें तें अर्धवट उघडें. डागाखालची ओळ वाचावयाची असल्यास तांबड्या चॅनेलची प्रत करावी, ‘लेव्हल्स’नें कागद पांढरा व शाई काळी करावी, मग ती प्रत उलटी करावी, म्हणजे अक्षरें पांढरीं, अर्थात् निवडलेलीं होतात. हाच मास्क वरच्या थरास लावून तेवढींच अक्षरें गडद करावीं. केवळ गेरूचीं अक्षरें हवीं असल्यास तांबड्यांतून हिरवा चॅनेल वजा करावा. काजळीचीं अक्षरें दोहोंत सारखींच काळीं असल्यानें गळून जातात.

हातानें रेघ ओढूनही निवड करतां येते. परंतु तींत धोका आहे. मोडींत शिरोरेघ आधीं आखून तिच्याखालीं अक्षरें सलग वळणानें लिहीत. एखादें वळण बदललें कीं शब्द पालटतो. हातानें निवड करणारा आपल्या मनांत असलेल्या अक्षराचेंच वळण गिरवितो. चॅनेल मात्र कागदाची साक्ष देतो. तीही साक्ष बिघडतां कामा नये. ‘लेव्हल्स’ अति ताणल्यास कागदाचे तंतूही काना-मात्रांसारखे भासूं लागतात. जेपेग पद्धतींत रंगाची माहिती घटविलेली असल्यानें अक्षरांच्या कडा फांकतात; याकरितां मूळ चित्र टिफ पद्धतींत घ्यावें.

हरिताळाचा जाड लेप चॅनेलनें भेदतां येत नाहीं, पण मास्क काढला कीं खालचें चित्र जसेंच्या तसें राहतें. हें लक्षांत घेऊन लेख प्रसिद्ध करतांना मूळ व उजळलेलें अशीं दोन्ही चित्रें द्यावीं, आणि कोणता चॅनेल घेतला व तो किती ताणला तेंही नमूद करावें. कसरीनें खाल्लेलें अक्षर कोणत्याच चॅनेलांत नसतें; तेथें जागा रिकामी सोडणें हाच खरा पाठ होय.