जुनी स्पोर्ट्स कार घेताय? डीलर असो की मालक, आधी गाडीचा 'सातबारा' बघा

वडगाव मावळ : शनिवार-रविवार आला की एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्याकडे लाल, पिवळ्या, जमिनीला टेकून पळणाऱ्या गाड्या दिसतात. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो. पूर्वी गावातली पोरं नुसते फोटो काढायची. आता जमिनीचे पैसे आलेल्या घरांत प्रश्न वेगळा आहे : जुनी मिळाली तर आपल्याला परवडेल ना? मोबाईलवर जाहिराती तर रोजच येतात. नवी असताना पन्नास-साठ लाखांची जर्मन गाडी, आठ-दहा वर्षांनी बारा-पंधरा लाखांत. म्हणजे नव्या स्कॉर्पिओच्या भावात. मग व्हॉट्सॲपवर फोटो बघून इसार दिला जातो, कागद नंतर बघू म्हटलं जातं, आणि गोची तिथंच होते.

जमीन घेताना मावळातला माणूस फसत नाही, कारण सातबारा कसा वाचायचा हे त्याला ठाऊक असतं. गाडीचंही तसंच आहे. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. आरटीओतली नावबदली म्हणजे फेरफार. आणि आरसीवर 'हायपोथिकेशन' असा शेरा असेल तर तो इतर हक्कातला बँकेचा बोजा समजा. कर्ज फिटलं असं मालक तोंडानं सांगतो, पण बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बोजा उतरत नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की ती कितव्या मालकाकडं आहे, बोजा, विमा, पीयूसी बऱ्यापैकी कळतं. थकलेले ई-चलन वेगळे तपासायचे. एक्स्प्रेसवेवर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि २०२४ पासून नवे कॅमेरेही बसलेत, त्यामुळं अशा गाडीवर दंडाची चळत असण्याची शक्यता जास्तच. दंड भरल्याशिवाय नावबदली अडते.

फेरफार का महत्त्वाचा, यावर सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा एक निकाल सांगण्यासारखा आहे. एका माणसानं २००७ मध्ये कार विकली. ती पुढं हातोहात फिरत गेली, नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात केला. गाडी तेव्हा भलत्याच माणसाकडं होती, तरी कोर्टानं भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्या पहिल्या मालकावर टाकली. विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे फॉर्म एजंटाच्या हाती ठेवणं किती महागात पडतं, ते यातून दिसतं. कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

आता डीलर की थेट मालक? डीलरकडं गाडी धुतलेली, पॉलिश केलेली असते, आणि त्याचा नफा किमतीत असतो. त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. मालकाकडून थेट घेतली तर नफा नाही, जीएसटी नाही. पण मालकाकडून घेतलेल्या गाडीचं इंजिन महिन्यात बसलं, तर ग्राहक आयोगात जायची वाट जवळपास बंद असते, कारण तो व्यापारी नाही. डीलरवर मात्र वडगावच्या माणसाला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथंच चालतो. अर्थात पक्कं बिल असेल तरच. कच्च्या चिठ्ठीवर कोण काय करणार?

डीलरच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत, आणि हे अजून फार जणांना माहीत नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओकडून अधिकृत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत डीलरच मालक मानला जातो, आणि नावबदली, ना-हरकत ही कामं त्याला करता येतात. त्यामुळं शोरूममध्ये शिरल्यावर कॉफी पिण्याआधी प्रमाणपत्र आणि २९सी मागावा. 'मालक आमचे पार्टनरच आहेत' असं उत्तर मिळालं तर गाडी डीलरची नाही, तो फक्त मध्यस्थ आहे. मग त्या व्यवहाराला थेट मालकाकडून घेतल्याची सगळी जोखीम आहे आणि वर दलाली.

परदेशातून आलेली गाडी असेल तर आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे बिल ऑफ एन्ट्री. कस्टममध्ये काय जाहीर केलं आणि ड्युटी किती भरली ते त्यावर असतं. अशा गाड्यांवर ड्युटी किमतीच्या आसपास जाते, म्हणून चोरवाटा निघतात. कार्नेटवर, म्हणजे काही महिन्यांत परत न्यायच्या अटीवर आणलेली गाडी इथंच विकली जाते. भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवरून सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टमनं केरळात बड्या अभिनेत्यांच्या घरापर्यंत छापे टाकले. अशी गाडी जप्त झाली तर ती शेवटच्या मालकाच्या दारातून उचलली जाते.

ड्युटी कुणालाच सुटत नाही, याचं उदाहरण सचिन तेंडुलकरची फेरारी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीनं २००२ मध्ये सचिनला '३६० मोडेना' दिली, किल्ली मायकेल शूमाखरच्या हातून. सरकारनं एक कोटीहून जास्त ड्युटी माफ केली, त्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ड्युटी कंपनीनं भरली. तीच गाडी २०११ मध्ये सचिननं सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे सेकंड हँड घेण्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त कागद स्वच्छ पाहिजेत.

स्वस्त गाडीचा नंबर बऱ्याचदा परराज्यातला असतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्यांचा इकडं पूर आलाय. पाँडिचेरीचा नंबर असतो तो तिथं कर कमी म्हणून. अशी गाडी इथं कायमची ठेवायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत, चोरीची नसल्याचा दाखला आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, सगळं नव्यानं करावं लागतं. आपल्याकडं पेट्रोल कारला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, आणि आयात गाडीला थेट २० टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणं सूट मिळते, पण हिशोब गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. जाहिरातीत दिसलेला भाव आणि एमएच-१४ ची पाटी लागेपर्यंतचा खर्च यात काही लाखांचा फरक पडतो.

पाटीचा विषय निघालाच आहे तर पुण्यातली गोष्ट विसरता येत नाही. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये ज्या पोर्शनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तिची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. गाडी बेंगळुरूहून तात्पुरत्या नोंदणीवर आली होती आणि बाकी होती ती फी फक्त १,७५८ रुपये.

कागद झाले, आता गाडी. शर्यतीचा बैल घेताना लोक दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. लाखोंच्या गाडीला मात्र नुसतं एसी लावून बघतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. सीटखालचे रूळ गंजलेत का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, तेही बघा. टायरवर चार आकडी शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. किलोमीटर कमी दाखवतायत आणि टायर तिसऱ्यांदा बदललेत, तर मीटर मागं फिरवलाय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवर आधीच्या दुरुस्तीची नोंद काढता येते, त्यासाठी मालकाची संमती लागते. खरा मालक ती देतो. जो टाळतो त्याची गाडी सोडून द्यावी.

घेतल्यानंतरचा खर्च हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. गाडी बारा लाखांना मिळाली तरी तिचे पार्ट साठ लाखांच्या गाडीचेच असतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, काहीही गेलं तरी बिल त्या हिशोबानं येतं. फेरारी-लॅम्बोर्गिनीचं सर्व्हिस सेंटर मावळात नाही, मुंबई गाठावी लागते, तेही गाडी फ्लॅटबेडवर चढवून. साध्या टोइंगनं ओढली तर गिअरबॉक्स जायची भीती. ब्रँड देशात टिकणार का हाही प्रश्न आहे. तळेगावात कारखाना असलेल्या जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये देशात विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस कारखानाही बंद झाला. शेवरोले गाडीचा भाव त्यानंतर काय झाला ते तळेगावकरांना सांगायला नको.

आणि आपला पाऊस. पवन मावळ असो की आंदर मावळ, जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी आणि खड्डे. अशा गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर असतं. हवा घ्यायचं तोंडही खालीच. पाण्यात घालून इंजिन बंद पडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला, की पाणी आत ओढलं जाऊन इंजिन संपतं. साध्या विम्यात हे नुकसान बसत नाही, 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं.

विमाही आपोआप पूर्ण आपला होत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता तो गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीची भरपाई हवी तर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तो फरक भरायचा. पैसे बँकेतून द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रोख देणाऱ्याकडं पुरावा राहत नाही. इसार देताना साध्या करारावर 'नावबदली न झाल्यास रक्कम परत' एवढी ओळ लिहून घ्या, आणि निदान लाखभर रुपये नवं आरसी हातात येईपर्यंत अडकवून ठेवा. कागद खरे असतील तर विकणारा याला नाही म्हणत नाही.