दांडा, स्प्रिंग आणि एस्प्रेसो

एस्प्रेसोवरचा सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, ही दाबाची करामत. जुनी यंत्रं वाफेवर चालत. दाब जेमतेम १.५ बार. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी १९४०च्या दशकात दांड्याला स्प्रिंग जोडून हा दाब ८-९ बारपर्यंत नेला.

दांड्याच्या घरगुती यंत्रांत दोन प्रकार आहेत. एकात दांडा ओढला की स्प्रिंग दबते आणि सोडल्यावर तीच दट्ट्या ढकलते. त्यामुळे दाब दर वेळी जवळपास सारखा. दुसऱ्यात, म्हणजे ला पावोनी कंपनीच्या ‘युरोपिकोला’सारख्या यंत्रात, मात्र सगळा जोर आपल्या हाताचा. चव हवी तशी वळवता येते, पण हात बसायला वेळ लागतो.

शिकायची हौस असेल तर दुसरं घ्या, नाहीतर स्प्रिंगचं. आणि बारीक, एकसारखं दळणारा ग्राइंडर आधी घ्या. त्याच्याविना दोन्ही यंत्रं व्यर्थ.