स्नुहीचा क्षेत्रशोध : ओळख रानात, संग्रह अंगणात

द्रव्याचे गुणधर्म ग्रंथांतून कळतात. द्रव्याची खरी ओळख मात्र ते जेथे उगवते तेथेच पटते. मांसल वनस्पतींबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. वाळलेल्या नमुन्यात त्यांचा मांसलपणा, खोडाचे कोन व क्षीर यांपैकी फारसे काही उरत नाही. क्षारसूत्राच्या २१ लेपांपैकी प्रत्येक लेपात स्नुहीक्षीर असल्याने ही ओळख चिकित्सक व औषधनिर्माता या दोघांनाही अत्यावश्यक आहे.

स्थान : आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील गाव. या भागात सखल शेतीची काळी जमीन, बेसाल्टचे मुरमाड उतार व पानगळीचे सागवन जवळजवळ आढळतात. पाणी न साचणारे उतार, दगडी बांध व शेतांची जुनी कुंपणे ही मांसल वनस्पती शोधण्याची ठिकाणे होत.

परिचय : 'थोर' व 'निवडुंग' ही लोकनामे अनेक वनस्पतींना लावली जातात; केवळ नावावर विसंबू नये. शासकीय औषध नियमांच्या अनुसूची इ (१) मध्ये स्नुही म्हणजे युफोर्बिया नेरीफोलिया. हिच्या कोवळ्या फांद्या अस्पष्ट पंचकोनी असून त्यांवरील उंचवटे पिळदार पाच रांगांत असतात. प्रत्येक उंचवट्यावर काट्यांची जोडी असते. मांसल पाने फांदीच्या टोकाशी येतात. युफोर्बिया निव्हुलियाची फांदी गोल, कोनरहित असते. त्रिधारी निवडुंगास ठळक धारा असतात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतील. त्याच्या चपट्या कांड्यांतून दुधासारखे क्षीर निघत नाही.

संग्रहकाल : चरकाचार्यांनी कल्पस्थानातील सुधाकल्पात अल्पकंटक व बहुकंटक असे दोन भेद सांगून बहुकंटकास श्रेष्ठ मानले आहे. दोन किंवा तीन वर्षांच्या वृक्षास शस्त्राने छेद देऊन, विशेषतः शिशिराच्या अखेरीस, क्षीर घ्यावे असा त्यांचा निर्देश आहे. येथेच व्यवहारातील खरी अडचण उद्भवते. रानातील झुडपाचे वय कोण सांगणार? कुंपणातील झुडूप तर वारंवार छाटलेले असते.

यावर उपाय सोपा आहे. खात्रीने ओळखलेल्या झुडपाची वीतभर फांदी घ्यावी. मूळ झुडूप उपटू नये. बांधावरील झुडपासाठी शेतमालकाची संमती व वनजमिनीवरील झुडपासाठी वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. छेद सुकेपर्यंत फांदी काही दिवस सावलीत ठेवून मुरमाड मातीत लावावी व लागवडीची तारीख नोंदवावी. तिसऱ्या वर्षी शिशिरान्ती मिळणाऱ्या क्षीराची जात, वय व काल हे तिन्ही आपणांस निश्चित ठाऊक असतात. बाजारातून आलेल्या क्षीराविषयी असे क्वचितच म्हणता येते.

सावधानता : चरकाचार्यांनी स्नुहीक्षीरास तीक्ष्ण विरेचनांत अग्रस्थान दिले, तसेच अन्य उपाय शक्य असता व मृदुकोष्ठी रुग्णास ते देऊ नये असेही बजावले. संग्राहकासही हे क्षीर बाधते. डोळ्यात गेल्यास नेत्राच्या कृष्णमंडलास तीव्र दाह होतो. म्हणून चष्मा व हातमोजे वापरावेत. क्षीर डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

प्रत्येक चिकित्सालयाच्या आवारात चार कुंड्यांना जागा असतेच. स्नुहीची लागवड तेथे केल्यास रानातील झुडुपे सुरक्षित राहतील आणि क्षारसूत्राच्या गुणवत्तेची हमी वैद्याला स्वतः देता येईल.