नको ते काढण्याची विद्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ आलं आणि सुमारे वीस वर्षं बाहेर ताटकळलेलं रिअल-टाइमचं काम अखेर मूळ कर्नेलमध्ये सामावलं. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चिकाटी मोठीच. पण त्यानंतरच्या एका बैठकीत एक तरुण सहकारी म्हणाला, "आता छोट्या ओएस कशाला? सगळीकडे लिनक्सच टाकू." ते मला लागलं.

अशा छोट्या ओएसवर काम करण्याचं माझं दशक १९९८ ते २००८.

त्याआधीच एक धडा मिळाला होता. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाच्या नोंदींचं कमी प्राधान्याचं काम म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, धरून बसे, मधल्या प्राधान्याची कामं त्याला पुढे सरकू देत नसत आणि वरच्या प्राधान्याचं निकडीचं काम खोळंबे. त्यावरचा उतारा, प्रायॉरिटी इनहेरिटन्स, यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ओएसमध्ये होताच. त्या म्यूटेक्ससाठी तो बंद होता. पृथ्वीवरून तो चालू केला आणि रीसेट थांबले. एकेका पर्यायाची किंमत तेव्हा कळली.

१९९८ मध्ये सिग्नस कंपनीनं ईकॉस ही छोटी ओएस खुली केली. शेड्युलरसुद्धा आपण निवडायचा: बिटमॅप घेतला तर एका प्राधान्याला एकच थ्रेड, मल्टिलेव्हल क्यू घेतला तर अनेक. भोसरीतल्या एका शेडमध्ये, मोटर चालवणाऱ्या बोर्डासाठी, आम्ही ईकॉसच्या पर्यायांच्या झाडासारख्या यादीतली एकेक टिक काढत असू. फाइल सिस्टिम नको, काढ. बिल्ड करायचं, मॅप फाइल उघडून किती बाइट सुटले ते पाहायचं. मग इंटरप्ट आला की एक पिन वर-खाली करायची आणि ऑसिलोस्कोपवर ती कड किती थरथरते ते बघत रात्र काढायची. सरासरी वेळेला आमच्याकडे किंमत नव्हती. सर्वांत वाईट वेळ किती, एवढंच विचारलं जाई.

पुढे "मेमरी स्वस्त झाली" म्हणत वरिष्ठांनी ते सगळं गुंडाळायला लावलं. नव्या बोर्डावर जडजूड ओएस आली, ग्राहकाकडे मोटर अधूनमधून झटके देऊ लागली आणि ठपका आमच्या कोडवर आला. मॅप फाइल उघडायला एकही वरिष्ठ तयार नव्हता. तो अन्याय मी विसरलेलो नाही.

सिग्नस विकत घेतलेल्या रेड हॅटनं २००२ मध्ये ईकॉसवरचं काम थांबवलं. त्यातल्याच काही अभियंत्यांनी ईकॉससेंट्रिक ही कंपनी काढून ते जपलं, याचं मला आजही समाधान आहे. २०१६ मध्ये आलेल्या झेफिर या ओएसनं केकॉन्फिगच्या रूपानं निवडीची ती सोय पुन्हा दिली. सोय आहे, वापरणारे हात मात्र कमी झालेत. नमुन्याची कॉन्फिग उचलायची, एलईडी लुकलुकला की काम झालं, हे मी रोज पाहतो.

पुढचा बोर्ड टेबलावर येईल तेव्हा एवढं करा: मेनूकॉन्फिग, म्हणजे पर्यायांची यादी, उघडा, शेजारच्याला बसवून घ्या आणि चालू असलेला प्रत्येक पर्याय का चालू आहे ते त्याला सांगा. ज्याचं कारण सांगता येणार नाही, तो बंद करून पाहा.