नामांकित जोडी आज धांवणार नाहीं

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास झरी जामणी हा तालुका आहे. झरी आणि जामणी हीं दोन गांवें. दोहोंचीं नांवें जोडून तालुक्याचें नांव झालें. पैनगंगा ओलांडली कीं तेलंगणांतील आदिलाबादचा मुलूख लागतो, त्यामुळें येथल्या बाजारांत मराठीबरोबर तेलुगुहि कानीं पडते, आणि कोलाम व गोंड यांच्या वस्त्यांतून त्यांच्या स्वतःच्या बोली. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचें. कापूस वेचून झाला, घरांत थोडाफार पैसा खेळूं लागला व हात मोकळे झाले, म्हणजे जिल्ह्यांतील या कापूसपट्ट्यांत शंकरपटाचे दिवस येतात.

पुण्याकडील वाचकांस बैलगाड्यांची शर्यत म्हटली म्हणजे घाट आणि बारी आठवेल. विदर्भांतील शंकरपटाचा थाट त्याहून थोडा निराळा. हलका छकडा, त्यास जुंपलेली बैलांची जोडी, आणि वर जीव मुठींत धरून बसलेला धुरकरी, एवढाच सारा सरंजाम. कांहीं ठिकाणीं दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून एकदम सोडतात, तर कांहीं ठिकाणीं एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंदाचे अंश मोजतात. प्रत्यक्ष धांव डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपते. उरलेला दिवस वाट पाहण्यांत आणि ऐकण्यांत जातो. आणि तो दिवस ज्याच्या जिभेवर उभा असतो तो ध्वनिक्षेपकापाशीं बसलेला निवेदक. जोडी कोणाची, गांव कोणतें, मागल्या पटांत तिनें किती वेळ घेतला, धुरकरी कोण, हें सर्व त्याच्या मुखोद्गत असतें. त्याच्या वाणीला थोडें अलंकाराचें वेड असतें हें खरें. पण चार तास उन्हांत बसलेल्या माणसांस जागेवर धरून ठेवणें हें कांहीं नुसत्या गद्याचें काम नव्हे.

या माणसाची खरी परीक्षा उत्तम जोडी धांवते तेव्हां होत नाहीं. तेव्हां तर मैदानच त्याच्या वतीनें ओरडत असतें. ती परीक्षा, जिच्यासाठीं पंचक्रोशी लोटली ती जोडी धांवणार नाहीं असें त्यास सांगावें लागतें तेव्हां होते. बैल पायांत लंगडतो, रात्रीच्या मोटारीच्या प्रवासानें त्यास सूज येते, किंवा सकाळपासून तो वैरणीला तोंड लावीत नाहीं. मालक डोक्याला हात लावून छकड्यापाशीं बसतो, आणि व्यासपीठावर कोणी तरी येऊन निवेदकाच्या कानांत कुजबुजतो. आतां या गृहस्थानें काय करावें?

सोपे मार्ग तीन आहेत आणि तिन्ही वाईट आहेत. पहिला, मौन धारण करणें. जोडीचें नांव घ्यावयाचेंच नाहीं, म्हणजे लोक विसरतील. लोक विसरत नाहींत, ते कुजबुजूं लागतात, आणि संध्याकाळपर्यंत ‘पैसे खाऊन बसविली’ अशी वार्ता शेजारच्या तालुक्यांत जाऊन पोहोंचते. दुसरा, ‘येत आहे, आतां येत आहे’ म्हणून दिवस रेटणें. हा मार्ग आयोजकांस प्रिय असतो, कारण त्यानें गर्दी टिकते. परंतु तें धडधडीत असत्य होय, आणि वीस कोसांवरून पोरेंबाळें घेऊन आलेल्या शेतकऱ्याची ती फसवणूक आहे. तिसरा मार्ग सर्वांत मोहक व सर्वांत घातक. तो म्हणजे थट्टा. ‘अमक्या पाटलांनीं आज पाय मागें घेतला’ असें एक वाक्य, वर एखादी कोटी, कीं मैदान हंसून लोटपोट होतें. निराशेचें हंसें करण्याची ही हातोटी निवेदकास टाळ्या मिळवून देते. पण तें हंसें ज्या मालकाच्या कानांत राहिलें, तो पुढच्या वर्षीं बैल लंगडत असला तरी जुंपल्यावांचून राहील काय? आमच्या मतें साऱ्या प्रकरणाची ग्रंथि येथें आहे. माघारीच्या वार्तेंत निवेदक जो शब्द वापरतो, त्यावर पुढच्या पटांतील एका मुक्या जनावराचा पाय अवलंबून असतो.

ज्यांचा हा धंदाच आहे ते लोक ही गोष्ट कशी हाताळतात, हें पाहण्यासाठीं घोड्यांच्या शर्यतींकडे वळलें पाहिजे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं ‘रेस’ हा शब्द वडीलधाऱ्यांपुढें उच्चारण्याचीहि सोय नसेल, आणि त्या शब्दानें किती घरें धुळीस मिळविलीं हें पाहतां ती नापसंती अनाठायीं म्हणवत नाहीं. मुंबईस महालक्ष्मीचें मैदान १८८३ पासून आहे. १९४३ च्या पहिल्या इंडियन डर्बींत बडोदें सरकारची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी जिंकली. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा निव्वळ दैवाचा नसून मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. धर्मराजाच्या द्यूतास मात्र त्या निर्णयाचा आधार मिळावयाचा नाहीं! असो. नापसंत गोष्टींतूनहि शिकण्यासारखें असतें, आणि माघारीची शिस्त हें त्यांतलें एक.

तेथें माघार झांकतां येत नाहीं, कारण तिच्यावर पैसा अडकलेला असतो. छापील पत्रकांतील क्रमांक रद्द झाल्याचें मैदानावर पुकारलें जातें व फलकावर लावलें जातें. सार्वजनिक यंत्रावर त्या घोड्यावर लावलेले पैसे परत मिळतात. उरलेल्या घोड्यांचें काय, हाहि प्रश्न आहे. कारण बलाढ्य प्रतिस्पर्धी गेल्यामुळें त्यांची जीत सोपी झालेली असते. इंग्लंडांतील सट्टेवाल्यांनीं त्यासाठीं चौथा नियम म्हणून प्रसिद्ध असलेलें कोष्टक केलेलें आहे. समसमान दराचा घोडा ऐन वेळीं गळाला, तर जिंकणाऱ्याच्या नफ्यांतून पौंडामागें ४५ पेन्स कापतात; १४ ला १ या दराहून दुबळा घोडा गळाला तर कांहींच कापीत नाहींत. एखाद्याच्या गैरहजेरीचें वजन इतक्या रोकड्या रीतीनें मोजलेलें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पैशाचा हिशेब असा चुकता होतो; मनाचा कसा करावा? अमेरिकेंत २०१२ सालीं ‘आइल हॅव अनदर’ नांवाच्या घोड्यानें केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. (नांवाचा अर्थ ‘मला आणखी एक चालेल’, पत्नीनें बिस्किटें पुढें केलीं म्हणजे मालक जें उत्तर देई तेंच घोड्यास ठेविलेलें!) तिसरी, बेलमाँटची शर्यत जिंकली असती तर ‘तिहेरी मुकुट’ मिळता, तो १९७८ पासून कोणा घोड्यास मिळाला नव्हता. ९ जूनला शर्यत, आणि ८ जूनला शिक्षक डग ओनील यानें जाहीर केलें कीं, डाव्या पुढच्या पायाच्या स्नायुबंधास सूज आहे, घोडा धांवणार नाहीं, इतकेंच नव्हे तर यापुढें कधींच धांवणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं ८५ हजारांवर माणसें तरीहि जमलीं. त्यांच्या समोर त्या घोड्यास विजेत्याच्या चौकांत आणून निरोप देण्यांत आला, आणि मग शर्यत झाली. जो धांवलाच नाहीं त्यास विजेत्याच्या जागीं उभें करून निरोप देण्याची ही कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. मुकुटाची प्रतीक्षा २०१५ मध्यें ‘अमेरिकन फेरो’नें संपविली.

मालकाची इच्छा नसतांनाहि माघार घ्यावी लागते, त्याचें उदाहरण २०२३ चें. केंटकी डर्बीचा ‘फोर्ट’ हा सर्वांचा आवडता घोडा. शर्यतीच्या दिवशींच सकाळीं, ६ मे रोजीं, सरकारी पशुवैद्यानें त्याच्या दुखावलेल्या खुराकडे पाहून त्यास धांवण्यास मनाई केली. त्या मैदानावर मागल्या थोड्याच दिवसांत घोडे मरूं लागले होते. डर्बीच्या सायंकाळपर्यंत ती संख्या सातावर गेली. त्या पार्श्वभूमीवर एका वैद्यानें लक्षावधि लोकांच्या आवडत्या घोड्यास ‘नाहीं’ म्हणणें यास धैर्य लागतें, आणि तें ‘नाहीं’ निवेदकानें कुरकुर न करतां, वैद्याच्या नांवावर खापर न फोडतां सांगणें यासहि थोडें लागतें.

याहून बिकट प्रसंग म्हणजे धांव चालूं असतां मुख्य स्पर्धक गळणें. ६ जुलै १९७५ रोजीं बेलमाँटच्याच मैदानावर ‘रफियन’ ही दहा शर्यतींत अजिंक्य राहिलेली घोडी आणि त्या वर्षींचा डर्बीविजेता ‘फूलिश प्लेझर’ यांची दोघांचीच शर्यत होती. रफियन पुढें असतांनाच तिचा पुढचा उजवा पाय मोडला. फूलिश प्लेझर एकटाच धांवत राहिला. शंकरपटांत दोन जोड्या सोडतात तेव्हांहि असा प्रसंग येऊं शकतो. एकीचा बैल कोसळला तर दुसरीची धांव ही शर्यत राहत नाहीं, आणि तिचें रसभरित वर्णन करीत बसणारा निवेदक साऱ्या मैदानाच्या डोळ्यांसमोर खोटा पडतो. रफियनला वांचविण्याचे प्रयत्न विफल झाले. १९९० मध्यें त्याच मैदानावर ‘गो फॉर वाँड’ ही घोडी शेवटच्या टप्प्यांत कोसळली, तेव्हां टॉम डर्किन या प्रसिद्ध निवेदकास शेवटचीं पावलें आणि तें कोसळणें दोन्ही एकाच श्वासांत सांगावीं लागलीं. याच डर्किननें पुढें २०११ सालीं, मनावरील ताण सोसवेना म्हणून, केंटकी डर्बीचें दूरचित्रवाणीवरील निवेदन आपण होऊन सोडलें. बोलण्याचें काम हलकें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

येथें आमच्या स्वतःच्या संस्कारांविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहानगी कन्या वारली. तथापि प्रयोग न थांबवितां ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनीं पाणावल्या डोळ्यांनीं सांगितली आहे. कार्य टाकून न जाणें याला आपण परम गुण मानतों, आणि जो गेला त्याच्याविषयीं कपाळाला आठी घालतों. पण बालगंधर्वांचा तो निश्चय त्यांचा स्वतःचा होता; दुःखहि त्यांचें आणि निर्णयहि त्यांचा. बैलास असा निश्चय करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें मालक निश्चय करतो, आणि मालकाच्या मनांत गांवाची अब्रू, घातलेला खर्च आणि त्या ध्वनिक्षेपकांतून काय पुकारलें जाईल याची भीति, हीं सर्व बसलेलीं असतात. माणसाच्या निग्रहाची स्तुति आपण सरसकट जनावराच्या लंगड्या पायास लागूं करूं लागलों, तर तो निग्रह राहत नाहीं, निष्ठुरपणा होतो.

कायद्यानेंहि आतां मालकास आधार दिलेला आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायद्यांत दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानें ती अडविली. डिसेंबर २०२१ मध्यें तात्पुरती मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें या दुरुस्त्या वैध ठरविल्या. मोकळीक मिळाली ती अटींसह. बैलांची पशुवैद्यानें तपासणी केली पाहिजे, धांव एक हजार मीटरांहून लांब नसावी, आणि काठी-चाबूक किंवा विजेचा झटका यांस सक्त मनाई. म्हणजे झरी जामणीच्या शेतकऱ्यालाहि आतां ‘वैद्यांनीं नको म्हटलें’ एवढें म्हणण्याची सोय झाली आहे. मात्र तें वाक्य मैदानावर कोणत्या सुरांत उच्चारलें जावें हें कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नाहीं.

आम्हांस विचारलें तर आम्ही निवेदकास म्हणूं कीं, वार्ता कळतांच सांगा, दुपारच्या गर्दीपर्यंत दाबून ठेवूं नका. जोडीचें व मालकाचें नांव पूर्ण आणि आदरानें घ्या. कारण एका वाक्यांत सांगा. बैलाच्या कोणत्या पायाला काय झालें हें शेतकऱ्यास नीट कळतें, त्यास ‘कांहीं अपरिहार्य कारणास्तव’ असली कचेरीची भाषा नको. बैल चालूं शकत असेल तर मालकाची संमति घेऊन त्यास झूल घालून मैदानावरून एक वेळ हळू फिरवा. लोक त्यास पाहावयास आलेले आहेत, पाहूं द्या. टाळ्या आपोआप पडतील. त्यानंतर मात्र गेलेल्या जोडीचें पुराण पुरे करा. ती असती तर असें झालें असतें, तसें झालें असतें, हें दिवसभर उगाळीत बसणें म्हणजे जे धांवत आहेत त्यांचा प्रत्येक वेळीं अपमान करणें होय.

कारण रिकाम्या झालेल्या जागीं कोणी तरी उभा असतोच. २०२३ च्या त्या डर्बीच्या पांच आठवडे आधीं फ्लोरिडांत ‘मेज’ नांवाचा घोडा फोर्टच्या मागें एका लांबीनें दुसरा आला होता, आणि त्याच्याकडे फारसें कोणी पाहिलें नव्हतें. फोर्ट तबेल्यांत राहिला आणि १५ ला १ या दराचा मेज डर्बी जिंकला. फोर्ट असता तर काय झालें असतें हें अमेरिकेंत अजूनहि लोक बोलत असतील. विजेत्यांच्या यादींत नांव मेजचें आहे. शंकरपटांतहि नामांकित जोडी बाहेर पडली कीं पुढचा पुकारा एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जोडीचा असतो. त्यानें कर्ज काढून बैल घेतलेले असतात, आणि त्याचें नांव निवेदकास धड पाठहि नसतें. तें नांव त्यानें आधीं विचारून घ्यावें, आणि गेलेल्या जोडीचें घेतलें तितक्याच चढ्या आवाजांत पुकारावें.