बेटं, पूल आणि शुगर बाउल

मागच्या लेखावर एका वाचकाने विचारलं होतं, "तुम्ही क्रमवारीवर संशोधन करता म्हणजे नक्की काय करता?" प्रश्न रास्त आहे. घरचेही हेच विचारतात. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करते, पण थोडं लांबून, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या वाटेने. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून पळतात तो.) खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल, मलाही सगळे कुठे कळतात!

आधी थोडी पार्श्वभूमी. तिथल्या वरच्या श्रेणीत सव्वाशेहून जास्त कॉलेज संघ आहेत आणि 2014 साली नेहमीच्या हंगामात एकेका संघाच्या वाट्याला 12 सामने यायचे. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्यच. संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत वाटलेले असतात आणि बहुतेक सामने आपापल्या गटातच होतात. हंगाम संपला की डिसेंबर-जानेवारीत वेगवेगळ्या गटांतले संघ 'बाउल' सामन्यांत समोरासमोर येतात. यातला सगळ्यात जुना रोझ बाउल. तो पहिल्यांदा 1902 मध्ये झाला आणि मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं धुतलं. 1947 पासून पुढे कित्येक वर्षं तिथे मिडवेस्टच्या गटाचा संघ विरुद्ध पश्चिम किनाऱ्याच्या गटाचा संघ असा करारच होता.

आता माझा प्रश्न. दोन गटांतले संघ एकमेकांशी फारसे खेळतच नाहीत, तर कुठला गट भारी हे ठरवायचं कसं?

समजा, कोल्हापूर आणि सोलापूर अशा दोन जिल्ह्यांत कबड्डीच्या वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या. दोन्हीकडच्या क्रमवाऱ्या तयार आहेत. पण कोल्हापूरचा तिसरा संघ सोलापूरच्या पहिल्याला हरवेल का? कितीही वेळ आकडे बघत बसा, उत्तर त्यात नाहीच. संख्याशास्त्रात यासाठी ब्रॅडली आणि टेरी या दोघांनी 1952 मध्ये मांडलेलं एक साधं मॉडेल वापरतात. प्रत्येक संघाला ताकदीचा एक आकडा द्यायचा. दोन आकड्यांत जितका फरक, तितकी वरच्याची जिंकण्याची शक्यता जास्त. गंमत अशी की मॉडेल फक्त फरक बघतं. कोल्हापूरच्या सगळ्या संघांच्या आकड्यांत दहा-दहा मिळवले, तरी त्यांच्या आपसातल्या सामन्यांचे अंदाज तसूभरही बदलत नाहीत. म्हणजे गटातले सामने गटाची उंची सांगूच शकत नाहीत. प्रत्येक गट हे एक बेट आहे. बेटावर कोण वर, कोण खाली ते कळतं, पण बेट समुद्रातून किती वर आलंय हे कळायला पूल लागतात. गटाबाहेरचे सामने म्हणजे हे पूल.

2014 चा हंगाम यासाठी मला फार आवडतो. त्या वर्षी दक्षिणेकडच्या 'एसईसी' गटाचा दबदबा होता. 2006 ते 2012 असे सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद याच गटात गेलं होतं. गटाचे दोन विभाग, पूर्व आणि पश्चिम, प्रत्येकी सात संघ. त्याच हंगामात चार संघांची नवी बाद फेरी सुरू झाली आणि निवड समितीने 28 ऑक्टोबरला पहिली क्रमवारी जाहीर केली. पहिल्या चारांत तीन संघ एसईसीच्या एकट्या पश्चिम विभागाचे होते: मिसिसिपी स्टेट, ऑबर्न आणि ओल मिस.

याला आधार काय होता? पश्चिम विभागाच्या सात संघांनी हंगामात गटाबाहेर प्रत्येकी चार, म्हणजे एकूण 28 सामने खेळले आणि 28 च्या 28 जिंकले! ऐकून वाटतं, आता आणखी काय पुरावा हवा? पण यादी उघडून बघा. त्या 28 पैकी इतर मोठ्या गटांच्या संघांविरुद्धचे सामने फक्त चार. वेस्ट व्हर्जिनिया, कॅन्सस स्टेट, विस्कॉन्सिन आणि टेक्सस टेक. बाकीचे बहुतेक प्रतिस्पर्धी हलके. हलक्या संघाला हरवलं तर पूल बांधला जातो खरा, पण तो एकमार्गी असतो. आपण त्याच्यापेक्षा वर आहोत इतकं कळतं, किती वर ते कळत नाही. किती ते कळायला कधीतरी हरावंही लागतं.

मग आले बाउल सामने. 31 डिसेंबरला टीसीयूने ओल मिसला 42-3 असं हरवलं. हे तेच ओल मिस, ज्यांनी ऑक्टोबरमध्ये अलाबामाला हरवलं होतं. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 2015 ला, न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलमध्ये पहिल्या क्रमांकाचं अलाबामा आणि बिग टेन गटातलं, कसंबसं चौथ्या क्रमांकावर घेतलेलं ओहायो स्टेट समोरासमोर आले. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी, त्यामुळे तिसरा खेळत होता. अलाबामा 21-6 असं पुढे गेलं आणि शेवटी 42-35 असं हरलं. ओहायो स्टेटने पुढे ओरेगनला हरवून विजेतेपदही पटकावलं. पश्चिम विभागाचा बाउलमधला हिशेब झाला सातपैकी दोन विजय, पाच पराभव.

"बघा, फुगा फुटला!" असं तेव्हा बरेच जण म्हणाले. इथे मात्र थांबायला हवं.

एक, सात सामने म्हणजे फार थोडे. नाणं सात वेळा उडवलं तर दोन किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता 29/128, म्हणजे जवळजवळ 23 टक्के. पश्चिम विभाग खरंच भारी होता आणि प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 60 टक्के होती असं धरलं, तरी असा निकाल दहात एकदा लागेल. दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. दोन, त्याच एसईसीचा पूर्व विभाग, ज्याला सगळे कमजोर म्हणायचे, त्याने बाउलमधले पाचच्या पाच सामने जिंकले! मग गट भारी की हलका? वरच्या संघांना बाउलमध्ये प्रतिस्पर्धीही साधारण तगडेच मिळतात, हे विसरून नुसते विजय मोजून चालत नाही.

तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: पूल स्वतःच वाकडा असू शकतो. बाउल सामना हंगामानंतर कित्येक आठवड्यांनी होतो. 1 जानेवारी 2016 च्या फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला आणि व्यावसायिक निवडीत तो दुसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्या वर्षाअखेर क्रिश्चन मॅकाफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोघांनी आपापल्या संघांचे बाउल सामने खेळायलाच नकार दिला. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण मोजणाऱ्याची पंचाईत होते, कारण ज्या संघाची ताकद मोजायची, तो संघ मैदानात उतरलेलाच नसतो.

आता माझ्या कामाकडे येते. माझ्या प्रबंधात ही बेटं म्हणजे गावं आहेत. गरजू कुटुंबं ओळखण्याची एक पद्धत अशी: प्रत्येक कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी करायची आणि गावकऱ्यांनीच एकत्र बसून त्या चिठ्ठ्या गरजेप्रमाणे लावायच्या. आपल्या गावात कोणाकडे चूल रोज पेटत नाही, हे गावाला बरोबर माहीत असतं. पण शेजारच्या गावाशी तुलना? एका गावातलं दहावं कुटुंब दुसऱ्या गावातल्या पहिल्यापेक्षाही जास्त अडचणीत असू शकतं. प्रत्येक गावातून सरसकट सारखीच कुटुंबं निवडली, तर ते दहावं कुटुंब यादीबाहेर राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून मी पूल शोधते. दोन्ही गावांत जाणारी उपकेंद्राची नर्सबाई, दोन्हीकडे कामाला जाणारे मजूर, या गावातून त्या गावात लग्न होऊन गेलेल्या बायका. त्यांना दोन्ही गावांतली कुटुंबं जोडीजोडीने विचारायची. पण इथेही तीच गोम आहे. नर्सबाईंना मुख्यतः दवाखान्यापर्यंत येणारी घरं माहीत. जे येतच नाहीत, ते खेळायला न उतरलेल्या खेळाडूंसारखे हिशेबातून गळतात.

तर किती पूल हवेत, कुठे हवेत आणि एखादा पूल वाकडा आहे हे ओळखायचं कसं, हे माझं संशोधन. शुगर बाउलचा निकाल चुकीचा वाचला तर फार तर मित्रांशी वाद होतो. चिठ्ठ्यांची यादी चुकीची वाचली तर एका घराचं रेशन जातं.

वाकडा पूल कसा ओळखायचा, ते पुढच्या लेखात. तोवर कुणी "आमचा गट सगळ्यात भारी" म्हणालं, तर एवढंच विचारा: गटाबाहेर कोणाशी खेळलात?