जळालेल्या भुशाची रंध्रे

अतिसाराने सुकलेले बाळ मांडीवर घेऊन आई सांगते, ‘‘डॉक्टर, पाणी तर फिल्टरचेच देतो!’’ अशा वेळी मला ग्वाटेमालातले मातीचे गाळणभांडे आठवते. १९८१ साली फर्नांडो माझारिएगोस यांनी ते सिद्ध केले. चिकणमातीत लाकडाचा भुसा मळायचा. भट्टीत भुसा जळतो, त्याच्या जागी सूक्ष्म रंध्रे उरतात. भांड्यास कलिल चांदीचा लेप देतात. भुवनेश्वरच्या ‘टेराफिल’चे तत्त्वही भुसा जाळण्याचेच. सुमारे एक मायक्रॉनच्या रंध्रांत बहुतेक जिवाणू अडकतात. रोटा विषाणू त्याच्या दशांशाएवढा, तो सहज निसटतो. म्हणून सहा महिन्यांवरील बाळाला गाळलेले पाणीही उकळूनच द्या, असे मी सांगतो. रोटाची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात येऊ लागली. ती दिली का, हेही विचारतो.